तुमच्याकडचे ते गृहस्थ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसण्यासाठीच वाचते. अमावास्या, वडाचं झाड, पांढरी साडी, नेमकी तिथेच बंद पडलेली गाडी... माझा नवरा म्हणतो, भुतांनी एकदा तरी गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करणाऱ्या माणसाला गाठून दाखवावं. त्यामुळे आज मीच असलं काही लिहायला बसलेय म्हटल्यावर तो चष्म्यावरून माझ्याकडे बघतोय. बघू दे.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या गोष्टीत रात्र नाही, झाड नाही, पैंजण नाहीत. भर दुपार आहे, डोक्यावर पंखा आहे, आल्याचा चहा आहे आणि एक टेलिफोन आहे. शिवाय हे मी एकटीने ऐकलेलं नाही — दोन देशांतल्या चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी मिळून ऐकलंय. म्हणून तर इतकी वर्षं ते माझ्या डोक्यातून जात नाही.

नव्वदचं दशक अर्धंअधिक उलटून गेलं होतं. बडोद्यात घरोघरी केबल आली होती आणि ई-मेल नावाची वस्तू नुकतीच ऐकू येऊ लागली होती. मी एका जुन्या ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात सहायक होते. नाव मुद्दाम देत नाही. वरच्या मजल्यावर लांबट खोली, भिंतीभर कपाटं, त्यात लाल कापडात बांधलेल्या पोथ्या आणि कीड लागू नये म्हणून ठेवलेल्या वेखंडाच्या पुरचुंड्या. घरी गेलं तरी साडीला वेखंडाचा वास यायचा.

विभागाच्या प्रमुख कुमुदताई. संस्थानाच्या काळापासून विद्वानांचं घर, पाणीगेटजवळ राहायच्या, लग्न केलेलं नव्हतं. संस्कृत त्यांच्या जिभेवर, आणि जीभ तिखट. मी रुजू झाले त्या दिवशी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या होत्या, "अक्षर कसं आहे? चेहरा राहू दे, अक्षर दाखव." निवृत्ती जवळ आली होती. डोळ्यांत काचबिंदू होता आणि डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की जेवढी नजर गेली ती गेली, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही.

आमच्याकडे एक पोथी होती — पाणी कुठे लागतं, विहीर कुठे खणावी, पायऱ्या कशा बांधाव्यात, यावरचा संस्कृत ग्रंथ. त्याचीच दुसरी प्रत जर्मनीतल्या एका लहानशा गावातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात निघाली. तिथल्या उर्सुलाबाईंनी पत्र पाठवलं, की दोन्ही प्रती ताडून आपण मिळून एक शुद्ध आवृत्ती छापूया. कुमुदताई आधी नाही म्हणाल्या. ती पोथी त्यांनी कित्येक वर्षांत उघडलेली नव्हती, का ते आम्हाला माहीत नव्हतं. मग एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आल्या, कपाट उघडलं, लाल कापड सोडलं आणि म्हणाल्या, "त्या बाईंना कळव. हो म्हणावं. पण लवकर."

काम सुरू झालं आणि लगेच अडलं. मायक्रोफिल्म काढून पाठवली तर अर्धी पानं काळी निघाली, कारण आमच्या प्रतीच्या शाईने कागद खाल्ला होता. डोळ्यांसमोर धरून, तिरप्या उजेडातच ती वाचता यायची. म्हणून ठरलं की फोनवर वाचायचं. आठवड्यातून एक दुपार ते फोन लावतील, त्यांची तेव्हा सकाळ असेल. कुमुदताई आमची प्रत मोठ्याने वाचतील, तिकडे उर्सुलाबाई आपली प्रत उघडून ऐकतील.

इथे आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन पोथ्या ताडताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. ओळ जुळली की ऐकणारा "हं" म्हणतो. नाही जुळली तर गप्प राहतो. "चूक" म्हणायचं नाही, मध्ये अडवायचं नाही. हुंकार आला नाही की वाचणारा आपोआप थांबतो. गोष्ट ऐकताना मुलं देतात तोच हा हुंकार. आमचे हसमुखभाई त्याला होंकारो म्हणायचे. हसमुखभाई म्हणजे ऑफिसातले सीनियर क्लार्क, आणि साहेबांच्या केबिनमधल्या त्या एकुलत्या एक स्पीकरफोनचे स्वयंघोषित मालक. आवाज असा, की सूरसागर तलावाच्या या काठावरून त्या काठावरची रिक्षा थांबवतील.

पहिल्या दिवशी फोन लागला. नमस्ते वगैरे झालं. कुमुदताईंनी इंग्रजीत ही हुंकाराची पद्धत समजावली, तिकडून उर्सुलाबाई "समजलं" म्हणाल्या. ताईंनी पहिली ओळ वाचली.

"हं."

पुरुषाचा आवाज. खालच्या पट्टीतला, किंचित नाकातला, कसली घाई नसलेला. मला वाटलं, वा, जर्मन लोकांनी खास माणूस बसवलेला दिसतोय. कुमुदताई मात्र थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. डोळे चुरचुरले असतील म्हणून मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. दुसरी ओळ वाचली.

"हं."

असं सुरू झालं आणि अगदी सुरळीत चाललं. ओळ, हुंकार, ओळ, हुंकार. तो गप्प राहिला की ताई थांबायच्या, मग उर्सुलाबाई आपल्या प्रतीतला वेगळा शब्द सांगायच्या आणि मी पेन्सिलीने टिपायची. कधीकधी तर ताईंच्याच डोळ्यांनी दगा दिलेला असायचा, एखादं अक्षर भलतंच वाचलं जायचं. तिथेही तो गप्प. ताई पान खिडकीकडे तिरपं धरून पुन्हा वाचायच्या आणि मग हुंकार यायचा. तो हुंकार मिळाला की ताईंची पाठ ताठ व्हायची. आठवडाभर हात धरून जिना उतरणाऱ्या बाई त्या दुपारी न थकता वाचत राहायच्या. मी मनातल्या मनात त्या गृहस्थांना निवृत्त प्रोफेसर करून टाकलं होतं आणि वर एक लोकरीचा कोटही दिला होता.

त्यांचं नाव मात्र आम्ही कधी विचारलं नाही. संकोच, दुसरं काय! परक्या देशातली माणसं, त्यांनी स्वतःहून ओळख करून दिली नाही तर आपण कसं विचारायचं? एका अनुस्वारावरून तास तास घालवणारे आम्ही लोक, फोनवर माणसं किती आहेत ते मात्र कोणीच मोजलं नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा उर्सुलाबाईंचा ई-मेल आला. पुस्तकाच्या ऋणनिर्देशाचं पान तयार करतोय, सगळ्यांची नावं कळवावीत. आणि खाली एक ओळ — "तुमच्याकडचे ते गृहस्थ, जे इतक्या शांतपणे ऐकतात, त्यांचं नाव काय लिहायचं?"

मी हसले. उत्तर टाइप केलं, की बाई, ते तर तुमच्याकडचे! त्यांचं नाव तर आम्हालाच हवंय.

दुसऱ्या दिवशी हसमुखभाईंनी फोनची वायर काढून कॉम्प्युटरला जोडली, मोडेमचं ते कर्कश संगीत झालं आणि उत्तर उतरलं. उर्सुलाबाईंनी लिहिलं होतं, "आमच्या खोलीत मी आणि माझी सहायक मोनिका, दोघीच असतो. इथे कोणीही पुरुष नाही."

मी ते दोनदा वाचलं. हसमुखभाईंना बोलावून दाखवलं. ते क्षणभर गप्प राहिले — हेच मुळात अघटित — आणि मग एकदम खुशीत आले.

"मेधाबेन, आ तो क्रॉस कनेक्शन छे! बीजु कंई नथी. लाइनमां कोई बेठो छे."

त्या काळी क्रॉस कनेक्शन रोजचंच होतं. आपण बोलतोय आणि मध्येच कोणाच्या तरी साखरपुड्याच्या याद्या ऐकू येतायत, असं व्हायचंच. मलाही हायसं वाटलं. पण मग म्हटलं, "हसमुखभाई, जवळच्या डभोईचा कोणी व्यापारी दर आठवड्याला दुकान सोडून संस्कृत श्लोकांना होंकारो द्यायला बसतो का? आणि तोही बरोबर ठिकाणी?"

"ए वात साची," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

तरी त्यांनी सोडलं नाही. एक्स्चेंजमधून माणूस बोलावला, वायर बदलली, फोनचं यंत्रच बदललं. एका आठवड्यात तर आम्ही शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या नंबरवर फोन घेतला. तिकडे उर्सुलाबाईंनीही खोली बदलली. ताईंनी ओळ वाचली. "हं." तोच, तेवढाच, घाई नसलेला. हसमुखभाई दारातल्या दारात खुर्चीवर बसले आणि त्यांनी खिशातून हनुमान चालीसा काढली.

पुढच्या आठवड्यात कुमुदताईंना डोळ्यांच्या तपासणीसाठी जायचं होतं, म्हणून शाई शाबूत असलेली पानं घेऊन मी वाचायला बसले. ओळ वाचली. शांतता. दुसरी वाचली. मग उर्सुलाबाईंचा बारीक आवाज आला, "जुळतंय, मेधा. पण आज ते नाहीत." पूर्ण दुपारभर ते नव्हते. नंतरच्या आठवड्यात ताई आल्या, आणि पहिल्याच ओळीला हुंकार आला.

त्या संध्याकाळी मी ताईंना घरी सोडायला गेले. उंबऱ्यातच विचारलं, "ताई, कोण आहे हो तो?"

त्यांनी चपला काढल्या, हात टेकत टेकत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा. माझा मोठा भाऊ."

अण्णांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं, फक्त ते आमच्याच विभागात होते एवढं ठाऊक होतं. ही पोथी दोघं भाऊबहीण मिळून लावत होती — ताई वाचायच्या, अण्णा आपण केलेली जुनी नक्कल समोर धरून हुंकार द्यायचे. ग्रंथात एक जागा येते. कोणत्या खुणा दिसल्या म्हणजे खणावं, हे सांगता सांगता ग्रंथकार एकदम विहिरीच्या पायऱ्यांवर जातो. ताईंनी ती ओळ वाचली आणि अण्णा गप्प राहिले. ताईंनी परत वाचली. परत गप्प.

"मी म्हटलं, काय झालं? तुझ्या नकलेत वेगळं आहे का? तर नाही म्हणे. अक्षर न् अक्षर तेच आहे. पण इथे एक ओळ तुटलेली आहे, कुमुद. पाणी कुठंय? पाणी लागल्याशिवाय कोणी पायऱ्या बांधतं का?" ताई हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मी चिडले. अगं, मजकूर सलग आहे, वृत्त बरोबर आहे, मग आपल्या मनाने भोक कुठून पाडायचं? संपादकाने असं करायचं नसतं. मी म्हटलं, हुंकार दे, पुढं जाऊ. तो देईना. मग मी त्याच्या हुंकाराशिवायच पुढची ओळ वाचली. तो उठला, टोपी घातली आणि घरी निघून गेला."

त्यानंतर घरात दोघं दूध, भाजी, विजेचं बिल, सगळं बोलायची. पोथीबद्दल एक शब्द नाही. पोथी लाल कापडात बांधून कपाटात गेली, अण्णांची ती नक्कल पुन्हा कधी सापडली नाही. आणि मग एका दुपारी अण्णा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

"तुम्हाला कधी कळलं, फोनवर तेच आहेत ते?"

"पहिल्या 'हं'ला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फोन बंद केला असतात," ताई म्हणाल्या. आणि ते खरं होतं.

उर्सुलाबाईंना मी सगळं लिहून कळवलं. वाटलं, आता प्रकल्प संपला. त्यांनी लिहायच्या ऐवजी फोनच केला. विचारलं, "त्यांचे हुंकार आजवर चुकलेत का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग वाचत राहू," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या बाईंबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो आहेच.

पण ती जागा जवळ येत होती, आणि मला माहीत होतं तसं ताईंनाही माहीत होतं. त्या दुपारी त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. खुणांचा भाग संपला. पायऱ्यांची पहिली ओळ त्यांनी वाचली.

काही नाही.

फोनवरची शांतता तुम्ही कधी ऐकली आहे का? सगळे असतात आणि कोणी बोलत नाही, तशी. उर्सुलाबाई म्हणाल्या, "माझ्या प्रतीत हेच आहे. अगदी हेच. ते का बोलत नाहीत?" ताईंनी पुन्हा वाचलं. पुन्हा. चौथ्यांदा त्यांचा आवाज चढला, थेट घरात भांडताना चढतो तसा. मग त्यांनी पोथी मिटली.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही. त्या ओळीपाशी गाडी रुतली ती रुतलीच. ताई पुढे जायला तयार नव्हत्या. "एकदा गेले होते त्याच्या हुंकाराशिवाय," एवढंच म्हणाल्या. आणि ओळ तुटली आहे असं मान्य करायलाही तयार नव्हत्या, कारण ते त्यांना खरंच पटत नव्हतं. दोन प्रती सारख्या असताना नसलेली ओळ धरायची म्हणजे त्यांच्या लेखी विद्येशी बेइमानी होती. इकडे त्यांची नजर दर आठवड्याला थोडी थोडी जात होती. आता त्या पान गालाला टेकवून वाचायच्या. तिकडे उर्सुलाबाईंच्या वरिष्ठांनी सांगून ठेवलं होतं की हे काम या सत्रात संपलं नाही तर बंद करा. काळ्या पडलेल्या त्या पानांची शाई कशी वाचायची हे फक्त ताईंच्या डोळ्यांना माहीत होतं. ते डोळे गेले की आमची प्रत गेली, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मला रडू यायचं, रागही यायचा — दोघांचाही. एक बहीण जिवंतपणी हट्टी, एक भाऊ मेल्यावरही हट्टी!

मी उर्सुलाबाईंना भांडणाचं मूळ सविस्तर सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि जरा नवलाने म्हणाल्या, "पण यात अडचण काय आहे? आमच्याकडे संपादकांचं पटलं नाही तर आम्ही तसं छापतो. त्या जागी ठिपके द्यायचे. खाली टीप — अमुक एका संपादकाच्या मते इथे एक ओळ तुटलेली आहे, दुसऱ्याच्या मते नाही. कोणी हरायची गरज नाही."

"पण तो संपादक हयात नसेल तर?"

"तर नक्कीच द्यायची टीप," त्या म्हणाल्या. "तो आता स्वतः येऊन सांगू शकत नाही ना." मग स्वतःशीच थांबल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हणजे, साधारणपणे."

ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या नुसत्या टेबलावरून हात फिरवत बसल्या. त्यांना बहुतेक इतक्या वर्षांत हे सुचलंच नव्हतं, की भांडण न मिटवताही पुढं जाता येतं.

फोनची दुपार आली. केबिनमध्ये मी, ताई, दारात हसमुखभाई. तिकडे उर्सुलाबाई आणि मोनिका. ताईंनी पान गालाशी धरलं. पण ओळ वाचली नाही. फोनकडे तोंड करून सरळ मराठीत बोलल्या.

"अण्णा, मला अजून पटलेलं नाही. लिहून ठेव, मला पटलेलं नाही. पण इथे मी ठिपके देतेय. आणि खाली तुझं नाव. पूर्ण नाव." त्यांचा आवाज तिथे फाटला. "आता तरी पुढं जाऊ दे रे. दिसत नाही मला."

शांतता. पंख्याचा आवाज. मग त्यांनी ती पायऱ्यांची ओळ वाचली.

"हं."

हसमुखभाई दाराला टेकले. तिकडे कोणीतरी हुंदका दिला, मोनिका असावी. ताई मात्र थांबल्या नाहीत. त्या वाचत सुटल्या, ओळीमागून ओळ, आणि हुंकार मागोमाग, जणू दोघांना मधली सगळी वर्षं भरून काढायची होती. सत्र संपायच्या आत ग्रंथ पूर्ण झाला. शेवटच्या ओळीला हुंकार आला, उर्सुलाबाई अडखळत मराठीत "धन्यवाद" म्हणाल्या, आणि त्यानंतर फोनवर तो आवाज पुन्हा कधी आला नाही.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त छळते. उर्सुलाबाई हे सगळे फोन टेप करत होत्या, तपासणीसाठी. काम संपल्यावर त्यांनी एक कॅसेट पोस्टाने पाठवली. मी आणि हसमुखभाईंनी ती लावली. ताईंची ओळ आहे. मग हुंकाराएवढी मोकळी जागा. मग पुढची ओळ. हुंकार एकही नाही! पण ती रुतलेली जागा आली तेव्हा टेपवर सगळ्यांचं थांबणं आहे, ताईंचं चिडणं आहे, "ते का बोलत नाहीत?" हा उर्सुलाबाईंचा प्रश्न आहे. म्हणजे टेपवर जो आवाज मुळात नाहीच, तो एका जागी थांबला, हे दोन देशांत मिळून आम्हा सगळ्यांना कळलं. हसमुखभाईंनी कॅसेट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बेन, तुम्ही घरी ठेवा. ऑफिसात नको." ती अजून माझ्या कपाटात आहे.

पुस्तक छापून आलं तेव्हा ताई निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नव्हतं. मी एका दुपारी त्यांच्या घरी गेले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कागदाचा वास घेतला, कण्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "वाच."

मी वाचायला लागले. आता हुंकार ताई देत होत्या. खालून शेजारणीच्या कुकरची शिट्टी, रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक. मधे चहा झाला, ताईंनी कप दोन्ही हातांत धरला. मी वाचत ठिपक्यांपाशी आले आणि अडले.

"ताई, ठिपके आलेत."

"मग थांब. एक ओळ वाचायला लागते ना, तेवढं थांब. त्याची ओळ होऊ दे."

मी थांबले. ठिपक्यांकडे बघत राहिले. ताईंनी कप ओठांना लावला, चहाचा घोट घेत होत्या. मी हे पुन्हा पुन्हा आठवून बघितलंय — कप ओठांना होता. आणि त्या खोलीत फोन नव्हता.

"हं."

खालच्या पट्टीतला, किंचित नाकातला. न वाचलेल्या ओळीला!

ताईंनी कप हळूच बशीत ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, पण कपाळाला आठी पडली होती, भावाशी भांडताना बहिणीच्या कपाळाला पडते ती.

"बघितलंस? ओळ पाठ आहे त्याला!" त्या म्हणाल्या. "मग सांगत का नाही हा माणूस? कायमचा असाच. नुसतं गप्प बसायचं आणि मी ओळखायचं." पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जाऊ दे. पुढं वाच."

ताईही आता नाहीत. हसमुखभाई मुलाकडे सावली गावी असतात, भेटले की हा विषय टाळतात. उर्सुलाबाईंचं नववर्षाचं कार्ड येतं, आणि त्यात दरवेळी एकच प्रश्न असतो — तिसरी प्रत कुठे सापडली का? नाही सापडली. पायऱ्यांच्या आधी पाण्याची ती ओळ होती की नव्हती, मला माहीत नाही. माहीत असलेला एकच माणूस आहे, आणि तो फक्त "हं" म्हणतो.